प्रश्न वॉर्डातला, धडा माळावरचा

पावसाळा ओसरला की सोलापूरजवळच्या नान्नज, मार्डी, वडाळ्याच्या माळांवर कुसळी गवत पिकते. मेंढरे चारून परतलेल्या धनगराला संध्याकाळी लोकरीत रुतलेली कुसळे काढत बसावे लागते. त्यातले एक कुसळ नीट निरखून पाहावे. पुढे बी असते आणि बीचे टोक अणकुचीदार असते. त्या टोकावरचे ताठ केस मागच्या बाजूला झुकलेले असतात. बीच्या मागे पीळ पडलेली लांब शेपटी असते. ती ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा चढतो. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांच्यात हा खेळ चालू राहतो आणि त्या जोरावर बी गोल फिरत जमिनीत शिरते. केस मागे झुकलेले असल्यामुळे पुढे सरकणे सोपे आणि मागे येणे अवघड. जमिनीऐवजी मेंढीची कातडी मिळाली तरी नियम तोच.

शल्यचिकित्सकाला हवे असते ते नेमके असेच काही. सुई कमी जोरात आत जावी, टाका गाठ न मारता धरून राहावा, जखमेवरचा पट्टा हलणाऱ्या अंगावरही सुटू नये. हे प्रश्न सजीवांनी आपापल्या गरजेपोटी कोट्यवधी वर्षांत सोडवले आहेत. त्या उत्तरांतून वैद्यकातील उपकरणे घडवण्याचे प्रयत्न आज जगभर चालू आहेत. त्यांतून रुग्णापर्यंत काय पोचले, काय प्रयोगशाळेतच अडकले, महाराष्ट्रात काय घडते आहे आणि सोलापूरसारख्या शहराला त्यात काय करता येईल, याचा हा आढावा. त्यातून माझ्यापुरता एक निष्कर्ष निघतो आणि तो आधीच सांगून टाकतो. ज्यांनी रुग्णाची अडचण हातात घेऊन निसर्गाकडे पाहिले त्यांचे काम लवकर फळाला आले. ज्यांनी आधी प्राणी पसंत केला आणि मग त्याच्यासाठी रोग शोधला, त्यांना बहुधा फार वाट पाहावी लागली.

बगळ्याची चोच, मुंगीचा चावा

हा विचार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे सांगितली आहेत. त्यांतली २४ स्वस्तिकयंत्रे, म्हणजे आजच्या भाषेत निरनिराळे चिमटे, पशुपक्ष्यांच्या तोंडांवरून घडवलेली आहेत. सिंहमुख, व्याघ्रमुख अशी त्यांची नावे. या सगळ्यांत कंकमुख, म्हणजे बगळ्याच्या जातीतल्या पक्ष्याच्या चोचीचे यंत्र, श्रेष्ठ ठरवले आहे. कारणही दिले आहे. ते सहज आत जाते, रुतलेली वस्तू घट्ट पकडते आणि सहज बाहेर येते. म्हणजे पक्ष्याचे रूप आवडले म्हणून निवड झालेली नाही. वैद्याच्या हाताची गरज काय, या कसोटीवर ती झाली आहे. त्याच ग्रंथात फाटलेले आतडे जोडण्यासाठी काळ्या मुंग्यांना कडांवर चावायला लावून मग त्यांचे धड तोडण्याची कृतीही आहे. मुंगीचे डोके आत राही आणि टाक्याचे काम करी.

दुसरा दाखला पुण्याजवळचा. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलगाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक कापण्यात आले. वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. ही हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये सचित्र छापून आली आणि ती वाचून युरोपातील शल्यचिकित्सकांनी ही पद्धत उचलली. त्या कारागिराने आधी मेणाचा साचा करून कपाळावर माप घेतले. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कातडी पूर्ण न कापता भुवयांच्या मध्ये तिचा एक देठ त्याने जोडलेला ठेवला. रक्त पोचत राहिले तरच मांस जगते, हा शरीराचा नियम त्याला ठाऊक होता. मेणाचे माप आणि जिवंत देठ, अभियांत्रिकी आणि निसर्ग, दोन्ही त्या एका शस्त्रक्रियेत होते.

टोचणे आणि धरून ठेवणे

आधुनिक संशोधनातला सर्वांत गजबजलेला भाग सुया, टाके आणि चिकटपट्ट्यांचा आहे.

उत्तर अमेरिकेतील साळिंदराच्या काट्याच्या टोकाला शेवटच्या काही मिलिमीटरांत सूक्ष्म उलटे खवले असतात. बोस्टनचे जेफ्री कार्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की या खवल्यांमुळे काटा बाहेर काढणे तर अवघड होतेच, पण आत जाताना जोरही बिनखवल्याच्या काट्याच्या साधारण निम्माच लागतो. खवल्यांच्या टोकांशी ताण एकवटतो आणि ऊती तिथे सहज चिरली जाते. आपल्या माळावरच्या साळिंदराचा काटा मात्र गुळगुळीत असतो, त्याला असे खवले नसतात. ‘साळिंदराकडून शिकू’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या साळिंदराकडून, काट्याच्या कोणत्या भागाकडून, हे पाहावे लागते. खवल्यांचे टाके आज शस्त्रक्रियागृहात पोचले आहेत. ग्रेगरी रफ या प्लास्टिक सर्जनचा ‘क्विल’ हा गाठ न मारता बसणारा धागा २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झाला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत अरुंद जागेत गाठ मारणे हे डॉक्टरांचे रोजचे दुखणे होते. ते दुखणे आधीपासून होते म्हणूनच हा धागा खपला.

डास चावतो तेव्हा आपल्याला लगेच कळत नाही. त्याच्या सोंडेत सहा बारीक दाभणे असतात. त्यांतल्या दोहोंच्या कडांना करवतीसारखे दात असतात आणि ती थरथरत, आळीपाळीने पुढे सरकतात. जपानच्या कान्साई विद्यापीठात सेइजी आओयागी यांनी या रचनेवरून सुया बनवल्या. खरगपूरच्या आयआयटीतील सुमन चक्रवर्ती यांनीही जपानी सहकाऱ्यांबरोबर डासाच्या सोंडेएवढ्या सुईवर काम केले. मधुमेह्याला रोज बोट टोचून घ्यावे लागते, बाळांना लस द्यावी लागते, तेव्हा या कामाची गरज मोठी आहे. तरी डासाची हुबेहूब सुई अजून दवाखान्यात आलेली नाही. इतकी बारीक सुई वाकते, तुंबते आणि स्वस्तात लाखोंनी बनवणे कठीण जाते. डासाला थेंबभर रक्त पुरते. प्रयोगशाळेला बहुतेक तपासण्यांसाठी त्याहून कितीतरी जास्त लागते.

लाकडात अंडी घालणारी गांधीलमाशी याहून वेगळा धडा देते. तिची अंडी घालण्याची नळी एकमेकींवर घसरणाऱ्या पट्ट्यांची बनलेली असते. एक पट्टी पुढे जाते तेव्हा बाकीच्या लाकूड धरून ठेवतात. त्यामुळे मागून ढकलावे लागत नाही आणि नळी वाकत नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये फर्दिनांदो रोद्रिगेस इ बाएना यांच्या गटाने या तत्त्वावर मेंदूत वळत जाणारी सुई विकसित केली. मेंदूतली गाठ सरळ रेषेत सापडेलच असे नाही. महत्त्वाच्या भागांना वळसा घालून तिथे जायचे तर सुईने वाट काढत जायला हवे.

पालीची गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी आहे. पालीच्या पायावरचे लक्षावधी सूक्ष्म केस रेणूंमधल्या आकर्षणावर भिंतीला धरतात, हे केलर ऑटम यांनी २००० मध्ये मोजून दाखवले. त्यानंतर पालीच्या पायासारख्या पट्ट्यांची लाट आली. पण शरीराचा आतला भाग ओला असतो आणि ओल्यावर पालीची पकड ढिली पडते. कार्प आणि रॉबर्ट लँगर यांच्या २००८ च्या पट्टीवर म्हणून साखरेपासून बनवलेल्या गोंदाचा थर द्यावा लागला. पुढे बालहृदय-शल्यचिकित्सक पेद्रो देल निदो यांनी कार्प यांच्यापुढे नेमका प्रश्न ठेवला. तान्ह्या बाळाच्या धडधडत्या हृदयातले छिद्र बुजवायचे, रक्त वाहत असताना. आता पाल बाजूला पडली. गोगलगाईचा चिकट स्राव आणि समुद्रातल्या वाळूच्या किड्याचा गोंद पाण्यातही का धुऊन जात नाही, याचा अभ्यास झाला. २०१४ मध्ये जाड, पाणी न धरणारा आणि प्रकाशाने घट्ट होणारा गोंद त्यांनी मांडला. तो पुढे पॅरिसच्या एका कंपनीने विकसित केला आणि २०१७ मध्ये त्याला युरोपीय मान्यता मिळाली. प्रश्न पक्का असला की प्राणी बदलायला संकोच वाटत नाही. या सगळ्या आढाव्यातला मला सर्वांत पटलेला धडा हाच.

हाड, पाऊल आणि कान

हाड हे शरीराने स्वतः सोडवलेले गणित आहे. १८६६ मध्ये झुरिचला शरीररचनातज्ज्ञ हेर्मान फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला, तेव्हा कार्ल कुलमान या अभियंत्याला त्याच्या आतल्या जाळीच्या रेषा क्रेनमधल्या ताणाच्या रेषांशी जुळताना दिसल्या. १८९२ मध्ये युलिउस वोल्फ यांनी नियम मांडला. हाडावर जसा भार येतो तसे ते घडते. भार वाढला की भरते, हटला की झिजते.

हा नियम दुर्लक्षून चालत नाही, हे कृत्रिम सांध्यांनी दाखवले. पोलाद हाडाच्या साधारण दहापट ताठर, टायटॅनियम पाच-सहापट. असा ताठ दांडा मांडीच्या हाडात बसवला की बहुतेक भार तोच घेतो. शेजारच्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजत जाते. काही वर्षांनी दांडा सैल होतो. आता त्रिमितीय छपाईने टायटॅनियमच्या जाळीदार, हाडासारख्या सच्छिद्र रचना करता येतात. त्यांचा ताठरपणा हाडाच्या जवळ आणता येतो आणि छिद्रांमध्ये हाड वाढून पकड बसते. इथे निसर्गाचे रूप उचललेले नाही. हाडाची अट मान्य केली आहे.

पावलाच्या बाबतीत भारताची कामगिरी जगाने पाहिली. जयपूरला १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर, लाकूड आणि व्हल्कनाइझ केलेल्या आवरणाचे पाऊल घडवले. तेव्हाचे परदेशी कृत्रिम पाऊल बुटात घालण्यासाठी होते. घोटा ताठ, आत लाकडी कणा. त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात अनवाणी चालता येत नसे. सेठी-शर्मा यांनी खरे पाऊल पाहिले, पण शेतात उतरणाऱ्या, देवळात चप्पल काढणाऱ्या, जमिनीवर जेवायला बसणाऱ्या माणसाचे. उसाच्या फडात पाय गमावलेल्या शेतमजुराला याचे मोल वेगळे सांगायला नको. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच्या जोडीने वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव घ्यायला हवे. महारोग्यांची बोटे ‘गळून पडतात’ हा समज त्यांनी खोडून काढला. वेदना हरवल्यामुळे रुग्णाला घाव कळत नाही, एकाच जागी भार येत राहतो आणि तिथे व्रण होतो. वेदना हे शरीराचे संरक्षण आहे, हा धडा घेऊन त्यांनी दाब पसरवणारी मऊ रबराची पादत्राणे आणली. मायक्रोसेल्युलर रबराच्या त्या एमसीआर चपला आजही महाराष्ट्रातल्या कुष्ठरुग्णांना आणि मधुमेह्यांना दिल्या जातात. टाचेखालच्या चरबीच्या लहान लहान कप्प्यांचे काम ते रबर करते. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालत येणाऱ्या वारकऱ्यांत मधुमेही किती असतील आणि त्यांच्यातल्या कितीजणांच्या पायांना बधिरता असेल, याचा विचार केला की हा प्रश्न आपल्या दाराशी आलेला दिसतो.

कानाची कथा समुद्रकिनाऱ्यावर घडली. कानातला शंखाकृती भाग अडीच वेढ्यांहून अधिक वळलेला असतो. तोंडाशी उंच स्वर ऐकू येतात, आतल्या टोकाशी खालचे. बहिऱ्या माणसाला बोलणे समजेल असे ऐकवायचे तर विजेची तार त्या वळणांत खोल न्यायला हवी आणि ती मध्येच अडत होती. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅमी क्लार्क १९७७ मध्ये किनाऱ्यावर बसले असताना शंखात गवताची पाती सारून पाहत होते. टोकाशी लवचीक आणि मुळाशी ताठ होत जाणारी पाती वळणांमधून सहज आत गेली. इलेक्ट्रोडची तार त्यांनी तशीच घडवली आणि पुढच्याच वर्षी पहिला रुग्ण ऐकू लागला. आज मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत केंद्राच्या योजनेतून गरीब घरांतल्या मुलांना हे कॉक्लियर इम्प्लांट मिळते. क्लार्क यांच्या हातात गवताची पाती असण्याआधी अनेक वर्षे त्यांच्या डोक्यात प्रश्न होता.

धागा आणि कापड

सोलापूरकराने या आढाव्यात सर्वांत जास्त वेळ थांबावे ते इथे.

१९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर व्होर्हीज यांनी एका कुत्र्याच्या हृदयात चुकून राहिलेला रेशमी टाका पाहिला. त्या धाग्यावर शरीराने स्वतःच चमकदार, गुळगुळीत अस्तर चढवले होते. धाग्यावर अस्तर चढते तर कापडाच्या नळीवर का चढणार नाही? १९५२ मध्ये त्यांनी कापडी रक्तवाहिनीचा प्रयोग प्रसिद्ध केला. लगोलग ह्यूस्टनच्या मायकेल डीबेकी यांनी दुकानातून डेक्रॉन या कृत्रिम धाग्याचे कापड आणून घरच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. शिवण त्यांना आईने लहानपणी शिकवली होती. फुगलेल्या महाधमनीचा भाग काढून त्या जागी अशा नळ्या बसू लागल्या आणि एरवी मरणार होते असे रुग्ण वाचू लागले.

त्यानंतरचा सगळा प्रश्न विणीचा होता. वीण घट्ट असेल तर रक्त झिरपत नाही, पण ऊती आत वाढायला जागा मिळत नाही आणि अस्तर सुटते. वीण सैल असेल तर ऊती धरतात, पण सुरुवातीला रक्त गळते. यावर जो उपाय निघाला त्यात कापडाच्या पृष्ठभागावर फंदे उभे केलेले असतात. सोलापूरच्या यंत्रमागावर टॉवेल निघतो तेव्हा एक ताणा घट्ट धरलेला असतो आणि दुसरा सैल सोडलेला. बाण्याचे दोन धागे थोडे दूर ठेवून तिसरा धागा पडल्यावर फणी तिन्ही धागे एकदम पुढे ठोकते, आणि सैल ताण्याचे फंदे वर उभे राहतात. हे फंदे टॉवेलमध्ये पाणी धरतात, रक्तवाहिनीच्या नळीवर शरीराच्या पेशी धरतात. धागा, यंत्र आणि स्वच्छतेचे नियम अर्थातच पूर्ण वेगळे आहेत. पण ताणा किती ओढायचा, फंदा किती उंच ठेवायचा हे ज्याच्या बोटांना कळते, त्याचे ज्ञान या विषयाला परके नाही. चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या शहराने हे मनावर घ्यायला हवे.

रेशमाचा धागा तर आपल्या शेतातच आहे. जिल्ह्यात तुती लावून कोष काढणारे शेतकरी आहेत. अळी मान आठच्या आकड्यात हलवत स्वतःभोवती साधारण हजार मीटर लांबीचा अखंड तंतू गुंडाळते. त्याच्या आत फायब्रॉइन नावाचे प्रथिन असते आणि बाहेरून सेरिसिन नावाचा डिंक. सेरिसिन अंगाला सोसवत नाही, म्हणून ते धुऊन काढावे लागते. उरलेले फायब्रॉइन बळकट असते, शरीर ते सहसा नाकारत नाही आणि कालांतराने ते विरघळते. बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड कापलान यांनी यावर दीर्घ काम केले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमाच्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरणारे सच्छिद्र पदार्थ तयार केले आणि त्यातून सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली. कोषाला साडीच्या बाजारापलीकडे ग्राहक असू शकतो, हे या कामाने मराठी मुलखात दाखवून दिले आहे.

जंतू, विष आणि सीमारेषा

लघवीच्या नळीतून होणारा संसर्ग हे प्रत्येक मोठ्या रुग्णालयाचे दुखणे आहे. फ्लोरिडाचे अँथनी ब्रेनन अमेरिकी नौदलाच्या जहाजांच्या तळाला चिकटणारे शेवाळ कसे रोखावे या विचारात होते. शार्कची कातडी स्वच्छ राहते हे त्यांनी पाहिले. तिच्या खवल्यांवरून त्यांनी सुमारे दोन मायक्रॉन रुंदीच्या उंचवट्यांची नक्षी केली. तिच्यावर जंतूंना वसाहत करणे जड जाते. ती मारत नाही, बस्तान बसू देत नाही. औषधाचा वापर नसल्यामुळे जंतूंना प्रतिकार कमावण्याची संधीही कमी मिळते. त्यानंतर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात एलेना इवानोव्हा यांच्या गटाने सिकाडा कीटकाच्या पंखावरची सूक्ष्म टोके जंतूंचे कवच फाडून त्यांना मारतात हे दाखवले. पण जाड कवचाच्या जंतूंवर सिकाडाचा पंख निष्प्रभ ठरतो. आणि शरीरात गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर काही वेळातच प्रथिनांचा थर चढतो. त्या थराखाली नक्षी झाकली गेली तर तिचा उपयोग किती, हा प्रश्न अजून मोकळा आहे.

विषाची गोष्ट थोडक्यात सांगतो. माळरानावरचे फुरसे चावले की रक्त गोठेनासे होते. त्याच्या विषातल्या एका प्रथिनाचा आकार पाहून रसायनतज्ज्ञांनी टिरोफिबान हे औषध रचले. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून १९९८ पासून ते वापरात आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यावरचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार करण्याचे काम पिढ्यानपिढ्या केले. एकच साप एका हाताने मारतो आणि दुसऱ्या हाताने तारतो, तो याच अर्थाने.

निसर्गाची वाट सोडणेही कधी शहाणपणाचे ठरते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली हृदयाची झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णात बसली. हृदयातली खरी झडप पातळ पडद्यांची असते, ही तिरकी होणाऱ्या चकतीची. रूप अजिबात वेगळे. तिच्यासोबत रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, पण ती टिकाऊ आहे आणि गरीब तरुण रुग्णाला परवडते. जनावरांच्या ऊतींच्या झडपा निसर्गाला जवळच्या, पण तरुण शरीरात त्या लवकर झिजतात. कधी तर यंत्रच बाजूला ठेवावे लागते. १९७८ मध्ये बोगोटात डॉ. एदगार रे यांनी इन्क्युबेटर अपुरे पडत असल्यामुळे कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर अशी काळजी सुरू केल्याने २८ दिवसांच्या आतले मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले.

महाराष्ट्रात आणि सोलापुरात

आपल्या राज्यात याला पोषक व्यवस्था आहे. मुंबईच्या आयआयटीत २०१४ मध्ये प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने, राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या आधाराने ‘बेटिक’ केंद्र सुरू झाले. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्याला जोडले गेले. तिथली रीत लक्षात घेण्यासारखी आहे. डॉक्टर येऊन आपली अडचण मांडतात, अभियंते ती ऐकतात, मग काही दिवसांत नमुना तयार करून परत डॉक्टरच्या हातात देतात. डिजिटल स्टेथोस्कोपसारखी उपकरणे यातून बाजारात आली. ती सगळीच निसर्गावरून सुचलेली नाहीत. पण निसर्गाकडे नेणारा रस्ता याच दारातून जातो, कारण इथे सुरुवात रुग्णापासून होते.

सोलापूरकडे यातले घटक आयते आहेत. १९६३ मध्ये सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले सिव्हिल हॉस्पिटल आहे. तिथे जिल्ह्यातलेच नव्हे, तर धाराशिव आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी, विजयपूरचेही रुग्ण येतात. १९८३ पासून वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. विद्यापीठ आहे, यंत्रमाग आहेत, रेशीम आहे आणि माळरान आहे. कमी आहे ती या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवणारी सवय.

त्या टेबलावर ठेवण्यासारखे प्रश्न रोज वॉर्डात पडून असतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला होणारे व्रण. पाठीखालचे कापड घाम कसा शोषेल आणि दाब कसा पसरवेल, हा जितका डॉक्टरचा तितकाच विणकराचा प्रश्न आहे. मधुमेह्याचे बधिर पाऊल आणि सोलापूरच्या उन्हात तापलेला डांबरी रस्ता. भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर बसणारे, सोलताना नवी कातडी न ओढणारे आच्छादन. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायकांच्या पाठीचे आणि गुडघ्यांचे दुखणे. यांतल्या एकेका प्रश्नावर वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि वस्त्रोद्योगाच्या विद्यार्थ्यांनी एक वर्ष एकत्र घालवले, तर निघणारा प्रकल्प अहवाल कपाटात पडून राहणार नाही.

यातल्या अडचणीही स्पष्ट सांगायला हव्यात. शरीरात जाणाऱ्या उपकरणाची चाचणी लांब आणि खर्चिक असते, आणि तशी असायलाच हवी. प्रयोगशाळेत एक नमुना चालणे आणि कारखान्यात लाखो नग एकसारखे निघणे यांत फार अंतर आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला जीवशास्त्र दहावी-बारावीनंतर भेटत नाही आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्याला यंत्राचा आराखडा वाचायला कोणी शिकवत नाही. ही दरी एखाद्या चर्चासत्राने बुजत नाही, रोजच्या सहवासाने बुजते.

माळरान जगले तर

शेवटचा मुद्दा मला सर्वांत निकडीचा वाटतो. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. ज्याच्यासाठी ते जाहीर झाले तो माळढोक पक्षी आज तिथे जवळपास दिसेनासा झाला आहे. सरकारी दप्तरात माळरानाची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी होते, आणि पडीक म्हटले की तिथे काहीही उभारायला मोकळीक मिळते. कुसळ, फुरसे, साळिंदर, गांधीलमाशी यांच्याकडून शिकायचे तर ते असायला हवेत. ऑस्ट्रेलियात पिल्ले पोटात वाढवणारा एक बेडूक सापडला होता. पिल्ले आत असताना तो जठरातले आम्ल थांबवत असे. अल्सरच्या संशोधकांना त्याची उत्सुकता होती. पण १९७३ मध्ये विज्ञानाने ओळखलेला हा बेडूक आणि त्याचा भाऊबंद, दोघेही १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नाहीसे झाले आणि अभ्यास तिथेच थांबला.

त्याबरोबरच हक्काचा प्रश्न येतो. ब्राझीलच्या सापाच्या विषावरून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचे औषध घडले आणि १९८१ मध्ये बाजारात आले. त्याचा मोठा नफा अमेरिकी कंपनीला मिळाला. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्यांची तरतूद केली. या नोंदवह्यांच्या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांचा मोठा पाठपुरावा होता. कोणते गवत कोणत्या महिन्यात मेंढीला रुतते, कोणती जखम कोणत्या पाल्याने भरते, हे धनगराला ठाऊक असते. ते त्याच्या नावाने नोंदले जायला हवे. त्यातून पुढे काही घडले तर त्याचा वाटा त्याच्या गावाला मिळायला हवा.

म्हणून या आढाव्याच्या शेवटी मागणी तीन गोष्टींची आहे आणि तिन्ही सोलापुरात सुरू करता येण्याजोग्या आहेत. सिव्हिलच्या प्रत्येक विभागाने वर्षातून एकदा आपल्या न सुटलेल्या अडचणींची यादी अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि यंत्रमागधारकांच्या संघटनांना द्यावी. त्या यादीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेत त्याचे श्रेय मिळावे. आणि जिल्ह्याच्या नियोजनात माळरानाची नोंद पडीक म्हणून होणे थांबावे. जगभरच्या अनुभवाने एवढे नक्की दाखवले आहे की निसर्गाच्या धड्यातून उपचार निघतो तो प्रश्न, कारागिरी आणि जिवंत रान या तिघांची गाठ पडते तिथे. सोलापुरात तिन्ही आहेत. गाठ घालणे तेवढे आपल्या हातात आहे.